सातबारा की गोषवारा?

मंडळी, आजचं लिखाण थोडं आमच्या धंद्यातलं आहे. पण नातेवाइकांपैकी ज्यांना संगणक म्हणजे लाइट बिल भरायचं यंत्र वाटतं, त्यांनी लगेच पळून जाऊ नये. यात आपलं निरवांगी आहे, नीरा नदी आहे, डावा कालवा आहे आणि पाऊसही आहे (म्हणजे बहुतेक वर्षी नसतो तोच).

वाद जुना आहे. हवा, पाणी, उष्णता असल्या गोष्टींचं वागणं संगणकात आकड्यांनी उभं करायचं, ज्याला आम्ही सिम्युलेशन म्हणतो, तर तो प्रोग्राम रचायचा कसा? यात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, जगात जशा वस्तू आहेत तशाच प्रोग्राममध्ये ठेवा. प्रत्येक वस्तूजवळ तिची माहिती आणि तिला काय काय करता येतं ते, दोन्ही एकत्र. हे ऑब्जेक्टवाले. दुसरं घराणं म्हणतं, कसल्या वस्तू आणि कसलं काय, आकड्यांचे लांबच लांब रकाने ठेवा आणि सूत्र लावत सुटा. हे ॲरेवाले. दोन्हीकडची माणसं हुशार असतात आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना अडाणी समजतात.

तलाठ्याच्या दप्तरातलं उदाहरण घेऊ. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपल्या तोंडी तलाठीच बसलेला आहे.) एकेका गटाचा सातबारा असतो. मालक कोण, क्षेत्र किती, सोसायटीचा बोजा किती, विहीर आहे का, पीक कोणतं, त्या गटाबद्दलचं सगळं एका कागदावर. जमीन विकत घ्यायची तर तो एक कागद पुरतो. हा झाला ऑब्जेक्ट. आता वरून विचारणा आली की गावात ऊस किती हेक्टर? मग सातबाऱ्यांचा गठ्ठा सोडा, एकेक कागद काढा, मालकाची, वारसांची, बोजाची सगळी ओळ डोळ्यांखालून घाला आणि त्यातला एक आकडा उचला. याऐवजी पिकाचा गोषवारा हाताशी असेल, उसाच्या क्षेत्राचा एकच रकाना वरपासून खालपर्यंत, तर चहा निवायच्या आत बेरीज. हा झाला ॲरे. माहिती तीच आहे, एका अक्षराचा फरक नाही. फक्त कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या शेजारी लिहिली, एवढाच प्रश्न.

आता गंमत अशी की ऑब्जेक्ट ही कल्पना जन्मालाच आली ती सिम्युलेशनच्या पोटी. हे आमच्या धंद्यातल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नॉर्वेतल्या क्रिस्टन नायगार्ड या माणसाने १९५० च्या आगेमागे तिथल्या पहिल्या अणुभट्टीसाठी हाताने आकडेमोड केली होती. पुढे तो ऑपरेशन्स रिसर्चमध्ये गेला. रांगा, कारखाने, वाहतूक असल्या व्यवस्था संगणकात कशा मांडाव्यात हा त्याचा प्रश्न होता. ओले-योहान डाल हा जोडीदार मिळाला आणि ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये दोघांनी सिम्युला ही भाषा रचली. पहिली आवृत्ती १९६५ च्या सुमारास चालू लागली आणि १९६७ च्या सिम्युला ६७ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट, वारसा हे सगळं आलं. आज ज्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. दोघांना २००१ सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि दोघेही २००२ च्या उन्हाळ्यात, सहा-सात आठवड्यांच्या अंतराने गेले.

पण सिम्युलामधलं सिम्युलेशन कसलं होतं, ते नीट बघायला हवं. बँकेत गिऱ्हाईक येतं, रांगेत उभं राहतं, खिडकी मोकळी झाली की पुढे सरकतं. साखर कारखान्याच्या गव्हाणीबाहेर उभ्या राहिलेल्या बैलगाड्या म्हणा हवं तर. प्रत्येक गाडी वेगळी, तिची वेळ वेगळी, वजन वेगळं, काट्यावर तिच्याशी होणारं भांडण वेगळं. तिथे ऑब्जेक्ट अगदी चपखल बसतो. हवेचं तसं नाही. हवेत गाड्या नसतात.

हवेचं गणित करणारी माणसं तोवर दुसऱ्या वाटेने निघून गेली होती. जॉन बॅकस आणि त्याच्या मंडळींनी आयबीएम ७०४ साठी १९५७ मध्ये फोरट्रान आणली. नावातच 'सूत्राचं भाषांतर' आहे आणि तिच्याजवळ मोठी वस्तू म्हणाल तर एकच होती, ॲरे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तोही याच भाषेचा. त्या पिढीला निवड अशी नव्हतीच. पंच केलेली कार्डं, सहा अक्षरांच्या आत बसवलेली नावं आणि ॲरे. पुढच्यांना हे नावांचे ठोकळे वाचावे लागले, त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही.

दोन्ही वाटा एकमेकींना पहिल्यांदा जोरात धडकल्या त्या केंब्रिजमध्ये. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप नावाचा डॅनिश विद्यार्थी पीएचडीसाठी एक सिम्युलेटर लिहीत होता, सिम्युलात. प्रोग्राम लिहायला फार सुंदर झाला, विचार जसा डोक्यात तसाच कागदावर. चालवायला घेतला तर इतका मंद की कामाला येईना. शेवटी त्याने तो बीसीपीएल या ओबडधोबड भाषेत पुन्हा लिहून काढला. वेग मिळाला, सौंदर्य गेलं. या अनुभवाची खूणगाठ बांधून तो बेल लॅबमध्ये गेला आणि १९७९ मध्ये 'सी विथ क्लासेस' करायला बसला. तिचंच नाव १९८३ मध्ये सी प्लस प्लस झालं. म्हणजे आज जी भाषा घेऊन पोरं ऑब्जेक्टचा झेंडा नाचवतात, तिचा जन्मच 'ऑब्जेक्ट छान आहेत पण परवडत नाहीत' या तक्रारीतून झालेला आहे.

आता आपल्या पावसाकडे येऊ.

हवामानाचं मॉडेल म्हणजे काय, तर पृथ्वीभोवतीच्या हवेच्या चौकटी पाडायच्या, उभ्या-आडव्या, शेतात वाफे पाडतात तशा, वर आणखी थर. प्रत्येक चौकटीत तापमान, दाब, बाष्प, वारा असे आकडे. शेजारच्या चौकटींकडे बघून थोड्या वेळानंतरचे आकडे काढायचे. पुन्हा काढायचे. पुन्हा काढायचे. एवढंच. भारतात यासाठी १९८८ मध्ये दिल्लीला मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी/१४ हा महासंगणक आणला गेला. आपल्याला याहून मोठा हवा होता, तो मिळाला नाही, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या नकारातूनच १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

या दोन यंत्रांचा स्वभाव अगदी वेगळा, पण दोघांनाही ॲरेच लागत. क्रेचं बळ होतं व्हेक्टरमध्ये. चौसष्ट आकडे एका दमात उचलायचे आणि सगळ्यांवर एकच क्रिया करायची. उसाच्या फडात टोळी शिरते तशी. सगळ्यांच्या हातात कोयता, सगळ्यांची चाल एक. मध्येच एखादा उभा राहून प्रत्येक उसाला 'तू कोण, तुझी जात कोणती' असं विचारू लागला तर संध्याकाळपर्यंत ट्रॉली भरायची नाही. परममध्ये उलट, पुष्कळ छोटे प्रोसेसर होते, ट्रान्सप्युटर नावाचे. प्रत्येकाला जोडणीसाठी चार दुवे. नकाशाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेकाला दिला की पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असे चार शेजारी, चार दुवे. फक्त शिवेवरच्या चौकटींचे आकडे शेजाऱ्याला कळवत राहायचं. ॲरेचे असे तुकडे पाडणं सोपं, कारण शीव कुठे आहे हे नुसत्या अनुक्रमांकावरून कळतं.

दिल्लीच्या केंद्राचं त्या काळातलं जागतिक मॉडेल होतं टी-८०. १९९० च्या दशकात ते परमवर, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनुपमवर आणि बंगळूरच्या फ्लोसॉल्व्हरवर, तिन्ही देशी यंत्रांवर बसवायचे प्रयत्न झाले. टी-८० म्हणजे आडवे २५६ आणि उभे १२८ बिंदू, वर १८ थर. गुणाकार केला तर पाच लाख नव्वद हजारांना थोडे कमी. आकडा मोठा वाटतो, पण पृथ्वीही मोठी आहे. एका चौकटीची बाजू साधारण दीडशे किलोमीटर.

दीडशे किलोमीटर म्हणजे काय ते निरवांगीकरांना सांगतो. आपल्या गावापासून महाबळेश्वर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या इंदापूर तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणं एका चौकटीत बसून जातील एवढी ती चौकट. आणि चौकटीला आकडा एकच. सह्याद्री नाही, पर्जन्यछाया नाही, काही नाही. त्या काळी रेडिओवरचा अंदाज ऐकून आमच्याकडचे म्हातारे तंबाखू मळत हसायचे, त्यांचं काही चुकत नव्हतं.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. निरवांगीला त्या मॉडेलमध्ये जागा मिळवून द्यायची तर दोन मार्ग दिसतात. एक, मॉडेलला शिकवायचं की निरवांगी नावाचं एक गाव आहे, त्याला नदी आहे, ऊस आहे, कालवा आहे. म्हणजे गावाचा ऑब्जेक्ट करायचा. ऐकायला किती आपुलकीचं वाटतं! दुसरा, गावाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, पण चौकटी लहान करत जायच्या. झालं ते दुसरं. २०१६-१७ च्या सुमारास चौकट बारा किलोमीटरवर आली आणि २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (पाषाणची आयआयटीएम हो) घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिची चौकट सहा किलोमीटरची. आत्याचं शेत आणि महाबळेश्वर यांची वाटणी एकदाची झाली.

पण चौकट लहान करणं महाग असतं. बाजू निम्मी केली की जमिनीवर चौकटी चौपट होतात, आणि पावलंही निम्म्या वेळाची टाकावी लागतात, नाहीतर गणित उधळतं. म्हणजे खर्च आठपट. थर वाढवले तर त्याहून जास्त. दीडशेवरून सहावर यायचं तर बाजू पंचविसावा हिस्सा, आणि पंचवीसचा घन होतो पंधरा हजार सहाशे पंचवीस. यातला मोठा वाटा यंत्रांनी दिला. पुण्यात २०१८ मध्ये प्रत्युष आला, २०२४ मध्ये अर्क आला, त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. पण आठ हा आकडा लक्षात ठेवा, तो आता पुन्हा येणार आहे.

प्रोसेसर फार वेगवान झाले, स्मृती त्या मानाने झाली नाही. १९९० च्या दशकात हे अंतर इतकं वाढलं की गणित करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा आकडे आणायला जास्त वेळ जाऊ लागला. यावर तोड म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी कोठी, कॅश. स्मृतीतून एक आकडा मागितला तरी नेहमीच्या यंत्रात चौसष्ट बाइटचा अख्खा गठ्ठा येतो. एक आकडा आठ बाइटचा, म्हणजे एका फेरीत आठ आकडे. तापमानांचा सलग रकाना असेल तर आठही आकडे कामाचे. आता प्रत्येक चौकटीचा ऑब्जेक्ट केला, त्यात वीस गोष्टी ठेवल्या, की एक ऑब्जेक्ट एकशे साठ बाइटचा. नुसती तापमानं हवी असतील तर एका चौकटीच्या तापमानापासून दुसरीचं एकशे साठ बाइट लांब. प्रत्येक फेरीत आठ आकडे यायचे, त्यातला एक वापरायचा आणि सात परत. मार्केट यार्डातून ट्रक भरून आणायचा आणि घरी कोथिंबिरीची एक जुडी उतरवायची, असला कारभार. वाहतूक आठपट.

आणि आठपट म्हणजे चौकटीची एक पायरी. सहाची बारा. (दरवेळी इतकं वाईट होत नाही हे आधीच सांगतो, नाहीतर जाणकार मंडळी प्रतिक्रियांमध्ये धरतील. ढगांचं सूक्ष्म गणित करताना एका चौकटीतले वीसच्या वीस आकडे लागतात, तेव्हा सातबाराही चालतो.) पण हिशेबाचा अर्थ एवढाच की प्रोग्राम दिसायला नीटस व्हावा म्हणून जे मोजावं लागतं, ते एखाद्या प्रोग्रामरच्या खिशातून जात नाही. ते इंदापूर तालुक्याच्या अंदाजातून जातं.

म्हणजे ॲरेवाले जिंकले? थांबा. पुण्यातून निघून मुंबईला कुलाब्याला जाऊ.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात सहभागी आहेत. त्या अजस्र यंत्राच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या बांधणीत भारताचा वाटा मोठा आहे. असं यंत्र बांधायच्या आधी त्याचं सिम्युलेशन करावं लागतं. कण आत शिरला तर कुठे आपटेल, किती तुकडे होतील, कोणत्या पट्टीत उजेड पडेल. यासाठी वर्षानुवर्षं जीएंट-३ हा फोरट्रानमधला प्रोग्राम होता. इथे अडचण अशी की यंत्रात डबा, डब्यात थर, थरात पट्टी, पट्टीत तंतू, असं एकात एक असतं, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या आकाराची. जुन्या फोरट्रानमध्ये हे मांडायची सोयच नव्हती. मग सर्नच्या लोकांनी झेब्रा नावाची व्यवस्था केली. एक प्रचंड मोठा ॲरे घ्यायचा आणि त्याच्या पोटात सगळं आपल्या हाताने रचायचं. अमुक क्रमांकापासून पुढे सातव्या घरात वस्तुमान, आठव्या घरात पुढच्या गठ्ठ्याचा पत्ता, असा कारभार. म्हणजे ॲरेवाल्यांनी ऑब्जेक्टच केले होते, फक्त नाव न घेता आणि डोळे बांधून.

१९९४ मध्ये हे सगळं सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहायचा प्रकल्प सुरू झाला आणि डिसेंबर १९९८ मध्ये जीएंट-४ ची पहिली आवृत्ती आली. तिथे ऑब्जेक्ट जिंकले आणि टिकले. पुढे काही जणांना वाटलं की कणांचेही फड करावेत, एकसारखे कण गोळा करून एका दमात ढकलावेत. जीएंट-व्ही नावाने २०१३ पासून काही वर्षं मोठे कष्ट झाले. अपेक्षेएवढा फायदा हाती आला नाही आणि प्रकल्प थांबवला गेला. कारण कण उसासारखे ओळीत उभे नसतात. प्रत्येकाची वाट वेगळी, एक इकडे आपटतो, दुसरा तिकडून निसटतो. ते गव्हाणीबाहेरच्या बैलगाड्यांच्या जातीचे.

तेव्हा एकाच महाराष्ट्रात, १९९० च्या दशकात, पुण्याच्या पावसाने एक निवड केली आणि कुलाब्याच्या कणांनी दुसरी. दोन्ही बरोबर होत्या. वाद घालणारे बहुतेक वेळा एकमेकांच्या कामाचा आकार न बघता भांडत असतात, असं माझं मत आहे.

सगळ्यात शहाणी तडजोड मला दिसली ती डब्ल्यूआरएफ या मॉडेलमध्ये. हे अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, आपल्या हवामान खात्यात आणि पुण्यातल्या संस्थांतही बरंच वापरलं गेलं. वरवर बघाल तर फोरट्रानच. पण त्याची रचना तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर 'डोमेन' नावाची वस्तू. एक मोठा प्रदेश, त्याच्या पोटात बारीक चौकटींचा लहान प्रदेश, त्याच्या पोटात आणखी लहान. आई आणि लेकरं, झाडासारखी जोडलेली. हे सरळ सरळ ऑब्जेक्टचं काम. ही लेकरं चार-दोनच असतात, त्यामुळे त्यांचा थाट परवडतो. मधला मजला दुभाष्याचा. तो त्या वस्तूच्या पोटातून तापमान, वारा, बाष्प हे रकाने काढतो आणि खाली पाठवतो. तळमजल्यावर, जिथे खरी मेहनत आहे, तिथे कोणालाच डोमेन-बिमेन ठाऊक नाही. तिथे फक्त ॲरे आणि त्यांच्या हद्दी.

त्या तळमजल्यावरची एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. तीन दिशांचा ॲरे लिहायचा तर क्रम कोणता? तिथे पूर्व-पश्चिम आधी, मग उंची, मग उत्तर-दक्षिण असा ठेवलाय. शाळेतल्या भूमितीच्या सवयीने उंची शेवटी यायला हवी. पण फोरट्रानमध्ये पहिली दिशा स्मृतीत सलग असते, म्हणून नांगराचं तास पूर्व-पश्चिम लांब धरलं. पावसाचं, उन्हाचं गणित उभ्या स्तंभात चालतं, म्हणून उंची मध्ये, जवळ ठेवली. आणि उत्तर-दक्षिण बाहेर, म्हणजे पट्टे पाडून वेगवेगळ्या प्रोसेसरांना वाटून देता यावेत. जमिनीचा उतार बघून तास कुठल्या अंगाने धरायचं हे ज्याला कळतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या कामावरच हा वाद उपटला आहे. आम्ही कालव्याच्या पाण्याचा आणि जमिनीतल्या ओलाव्याचा हिशेब करणारा प्रोग्राम नव्याने लिहितोय. जुना फोरट्रानचा आहे, सहा अक्षरी नावांचा, आणि त्याला हात लावायला कोणी धजत नाही. आमच्यातली एक तरुण मुलगी, हुशार आहे, तिने आराखडा आणला. 'शेतखाना' नावाचा क्लास, त्याच्या वारसाने 'ऊसखाना', 'ज्वारीखाना', 'पडीकखाना'. प्रत्येक खान्याला विचारायचं, बाबा रे, तू आज किती पाणी प्यालास? ऊस आपल्या पद्धतीने उत्तर देणार, ज्वारी आपल्या. वाचायला इतकं गोड की मला मत्सर वाटला. दुसरीकडे आमचे एक ज्येष्ठ सहकारी. त्यांचं म्हणणं, फोरट्रान काय वाईट आहे? २००३ च्या आवृत्तीत तिच्यातही ऑब्जेक्ट आले, आम्ही कधी वापरले नाहीत, काही अडलं नाही.

मी दोघांनाही नाही म्हटलं. कालवा बघा ना. मुख्य कालवा, त्यातून वितरिका, वितरिकेतून चाऱ्या. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीचं दार, प्रत्येकीच्या आवर्तनाची पाळी, प्रत्येकीवरची भांडणं. असली दारं मोजून काहीशे. ही कुलाब्याची जात, इथे ऑब्जेक्ट हवेतच. नाहीतर झेब्रासारखं सातव्या घरात काय आणि आठव्या घरात काय हे पुढच्या पिढीला खोदून काढावं लागेल. पण दारातून पाणी शेतात उतरलं की खाली लाखो खाने, सगळे सारखे, सगळ्यांना एकच सूत्र. तिथे ॲरे. ऊस आणि ज्वारी हा फरकही एका रकान्यातला आकडा. तिला हे पटलं नाही. म्हणाली, "सर, मग शेतकऱ्याला काही ओळखच राहिली नाही." ज्येष्ठांना दारांचे ऑब्जेक्ट पटले नाहीत. निर्णय झालाय, काम चालू आहे आणि दोघंही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

तिचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. ओळख राहत नाही हे खरंच आहे. डब्ल्यूआरएफच्या पोटात जमिनीच्या वापराचा एक रकाना असतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या चोवीस वर्गांच्या यादीत कोरडवाहू शेती म्हणजे २, बागायती म्हणजे ३. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास झाला आणि बारामती-इंदापूरच्या माळांचा नशिबाचा नकाशा बदलला. कोणाच्या घरात माडी चढली, कोण मुंबईला गिरणीत गेला, शेपटाकडच्या गावांनी पाण्यासाठी किती मोर्चे काढले, आमच्या दोन पिढ्यांचं सगळं रामायण त्या २ आणि ३ मधल्या फरकात आहे. मॉडेलला त्यातलं काही ठाऊक नाही. त्याच्यासाठी निरवांगी म्हणजे आय अमुक, जे तमुक.

पण त्या आय-जेला मुंबईही तशीच, दिल्लीही तशीच, हे मला हळूहळू बरं वाटू लागलंय. ऑब्जेक्ट करायला बसलो असतो तर आधी कोणाचा केला असता? राजधानीचा. मग बंदरांचा, विमानतळांचा. निरवांगीची पाळी आवर्तनाच्या शेवटी आली असती, नेहमीप्रमाणे, किंवा पाणी मध्येच संपलं असतं. ॲरेत वशिला नाही. चौकट लहान झाली ती सगळ्यांची एकदम झाली.

दादांनी मागच्या महिन्यात फोनवर विचारलं होतं की आता सहा किलोमीटरचं आलंय तर आपल्या मळ्याचा पाऊस वेगळा सांगतील का. तर दादा, तालुक्याच्या एका टोकाचा आणि दुसऱ्या टोकाचा फरक आता चौकटींना दिसू शकतो. मळ्याचा नाही. एका चौकटीत छत्तीस चौरस किलोमीटर येतात, आणि नीरेचं पात्र काही सहा किलोमीटर रुंद नाही. अलीकडचा पुणे जिल्हा आणि पलीकडचा सोलापूर जिल्हा, आपण आणि माळशिरसकडचे पाहुणे, अजून बहुधा एकाच आकड्यात आहोत.